चिंधीनं पुट्टी खाल्ली

दुसरा हात मारून इलियासभाई
ओट्यावर डबा उघडून बसले,
आणि आत, ओल्या कोपऱ्यात,
चिंधी भिंत चाटायली.
नुसती जीभ लावत नव्हती. मन लावून,
ताटातलं पिठलं निपटावं तशी.

शुक शुक, म्हणलं.
तिनं वळून पाह्यलं. मिशा पांढऱ्या.
पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखी शांत.

मग एकेक हिशेब लागायला लागला.
चौकटीभोवतीचा पिवळा फोम खालून कुरतडलेला,
मी उंदराला शिव्या दिल्या होत्या.
पांढऱ्या सिमेंटच्या पिशवीचा फाटका कान.
थर्माकोल.
ठेकेदाराच्या वहीत सगळं आहे,
हिच्या पोटात किती गेलं तेवढं नाही.

कौतिकबाई म्हणाल्या, दूध पाज, निघून जातंय.
समोरचा दुकानदार म्हणाला, मिठाचं पाणी. ओकवून काढा.
इलियासभाईंनी घास खाली ठेवला.
"कुछ नक्को दो भाभी. पुट्टी है,
अंदर जाके जमती."

पुट्टीचं रिकामं पोतं घडी घालून घेतलं,
डॉक्टरनं विचारलं तर नाव वाचून दाखवता यावं.
चिंधी बाजाराच्या थैलीत, तोंड बाहेर.
सेलूच्या फाटकाला स्कूटी अडकली.
मालगाडी.
सत्तावन्न डबे मोजले मी,
आणि शेवटच्या काही डब्यांना
चिंधीनं नाक उडवलं. सिमेंट असावं.

दवाखान्यात म्हशींची रांग.
"मांजराला काय, लाळ्या-खुरकूत?" कंपाउंडर हसला.
डॉक्टर पोरगी नवीन होती, उदगीरला शिकलेली.
ती हसली नाही.
पोट चाचपलं, ओठ उचलून हिरडी दाखवली:
पुट्टीचाच रंग.
"पुट्टीचं नंतर बघू, ताई. हिच्यात रक्तच नाही.
पिसवांनी पिऊन टाकलंय.
चवीसाठी कोणी भिंत खात नाही."

मी अंगणवाडीची बाई.
अठरा वर्षं दुसरीच्या पापण्या खाली ओढून बघते,
आकडा लिहिते, लाल गोळ्या देते.
पर्समध्ये दोन पाकिटं होतीच. म्हणलं, ह्यातली अर्धी?
"बिलकुल नाही. माणसाच्या गोळीनं मरतं मांजर."

मग लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं,
कधीपासून खायलीय?

आणि मला आठवलं.
चिंधीचं नाही.
थोरल्याच्या वेळचा सातवा महिना,
न्हाणीमागची ओली भिंत.
नखानं काढलेला पोपडा, पदराआड चघळायचा,
कोणी आलं की तसाच गिळायचा.
बाळंत होईस्तोवर खळगा पडला होता तिथं, ओंजळीएवढा.
आमच्या ह्यांनी
उंदराला शिव्या दिल्या होत्या.

"ताई? कधीपासून?"
लय दिवसांपासून, म्हणलं.

तिसऱ्या दिवशी राखेत निघाला खडा,
पांढरा, हरभऱ्याएवढा.
इलियासभाईंनी काडीनं उलटून पाह्यला.
"पक्का माल है," म्हणाले,
आणि कोपऱ्यातला चाटलेला भाग भरायला घेतला.

मी दारात खुर्ची टाकून राखण बसले.
चिंधी मांडीवर, घट्ट धरलेली.
दोघींची तोंडं भिंतीकडे.

वास मात्र
छान येत होता.