पन्नासची सुई

रात्री आठला मालिका संपायची, नावं वर सरकू लागायची,
आणि ट्रेंट नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं
एकदमच उठायची, चहा टाकायला.
मला ते उठणं दिसायचं.
कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक सुई होती,
पन्नासवर टेकलेली.
ती किंचित दचकायची.
एकोणपन्नास पूर्णांक नऊ. मग आठ.
मी म्हणायचो, "पर्सी, उठले बघ."
पर्सी गिरण्यांना कोळसा वाढवायचा,
मैद्याहून मऊ दळलेला.
बॉयलर घसा खाकरायचा
आणि सुई परत जागेवर,
कान धरून बसवलेल्या पोरासारखी.

एका किटलीला मूठभर कोळसा.
सिगारेटच्या पाकिटावर मी हिशेब केला होता एकदा.
मूठभरच.
पण मुठी किती!
म्हणून गाड्या यायच्या रात्रंदिवस,
थांबायच्यासुद्धा नाहीत,
चालता चालताच पोट उघडून मोकळ्या व्हायच्या.

माझा धाकटा भाऊ क्लाइव तो कोळसा खालून वर पाठवायचा.
आमच्या दोघांमध्ये नऊ मैल, आणि अर्धा मैल खोली.
रविवारी आईकडे जेवताना म्हणायचा,
"मी काढतो, तू जाळतोस. घरात शिल्लक काय पडणार?"
आई पुडिंग वाढायची. आम्ही हसायचो.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये खाण बंद पडली.
गाड्या थांबल्या.
पण आमच्या आवारात कोळशाचा डोंगर होता,
वर्षभर आधीपासून रचत आणलेला.
कशासाठी, ते रचताना कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

क्लाइव फाटकाशी उभा असायचा,
तेलाच्या फुटक्या पिंपात लाकडं पेटवून.
मी गाडीची काच वर करून आत जायचो.
आमची नजर एकदाच भेटली.
त्याने हात शेकायला पुढे केले, एवढंच.

डिसेंबरातल्या एका रात्री मालिका संपली,
सुई दचकली,
आणि मला कळलं, या दचक्यात बेरिलची किटलीही आहे,
माझ्या भावजयीची,
जिच्या कपाटात चहाच तेवढा उरला होता.
"वाढव," मी पर्सीला म्हणालो.
दुसरं काय म्हणणार?

डोंगर संपला नाही.
ते संपले.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.
मग त्याच्या फुप्फुसांनीच निरोप धाडला.
खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र, भिंतीतल्या प्लगला जोडलेलं,
बारीक गुणगुणत होतं.
तो सूर मी झोपेतही ओळखतो.
क्लाइवने नळी बाजूला सारली.
"अजून माझाच जाळतोस का रे?"
"नाही. आता कोलंबियाहून येतो. बोटीने."
तो इतका हसला
की नर्स धावत आली.

परवा मनोरे पाडले. आठही. दहा सेकंद लागली.
त्यांच्यावर घरटं करणारी ससाण्याची मादी
धुरळ्यावरून कितीतरी वेळ फिरत होती,
जागा विसरल्यासारखी.

गुरुवारी बेरिल येते.
किटलीत दोन कपांपुरतंच पाणी भरते,
त्या वर्षाची सवय.
"आता कशावर चालतं हे?"
"वाऱ्यावर, बरंचसं."
"बरंय," ती म्हणते, "वाऱ्याला काढायला कुणी खाली जात नाही."
आणि खटका दाबते.

मी भिंतीकडे बघतो.
तिथे कॅलेंडर आहे.