शिनोळीला जाऊन दिलेलं मत

वडगावात आमचा टीव्ही मागाच्या खोलीतच आहे.
चार माग सुरू असले की कुणाचा शब्द ऐकू येत नाही.
सासू कट रचते, तो मला ओठांवरनं कळतो.
म्हणून माझी मतं जरा वेगळी आहेत.
तुम्हाला जी फार सोसणारी वाटते ना, मधुरा,
तिला रडताच येत नाही. आवाज काढून बघा,
शिंक अडकल्यासारखी दिसते.
आणि ती मोलकरीण, जिचं नावसुद्धा पाटीत येत नाही,
चहा ठेवून मागं वळताना
पाठीनं सांगते, की तिनं सगळं ऐकलंय.
पाठीला बक्षीस देत नाहीत.

पलीकडची निंगव्वा हीच गोष्ट कन्नडात बघते.
तिकडं सुनेचं नाव भागीरथी.
माणसं वेगळी, जिना तोच,
फक्त तिकडचे चार महिने पुढं पळतात.
गिरणीत दळण टाकता टाकता निंगव्वा सांगून मोकळी:
"तुझी ती मधुरा जिन्यावरनं पडणार बघ.
मरत नाही पण."
मी कान झाकते.
मागाच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईनं
कान झाकायचे म्हणजे!

सदा भोईटेवरनं मात्र घरात दोन पक्ष.
शनिवारी तो आमच्यासारखं बोलतो म्हणे,
बेळगावचा पाहुणा होऊन येतो, हातात कुंद्याचा डबा,
आणि पुढची रांग लोटपोट.
आमचे हे चिडतात, "हसायला आम्हीच सापडतो काय गा ह्यांना?"
पुतण्या परशराम म्हणतो, "आठवण तरी काढतंय की."
मला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नाही.
मला दिसतो खुर्चीच्या टोकावर बसलेला माणूस,
डबा कुणाच्या हातात द्यायचा ते न कळून
दोनदा पुढं केलेला, दोनदा मागं घेतलेला हात.
माझे वडील असेच बसायचे, पुण्याला आत्याकडं.
मी हसले. तेवढ्यात धागा तुटला,
तो जोडत बसले.

त्याला बक्षिसाला उभं केलं, तर मत मोबाईलवर द्यायचं.
परशरामनं बोट दाबलं. मोबाईल म्हणाला,
तुमच्या भागात ही सोय नाही.
पुन्हा दाबलं. नाही.
"त्यालाबी कळलंय बघ," आमचे हे म्हणाले,
आणि ज्यांना तो नट डोळ्यासमोर नको असतो
त्यांनीच खिशातनं पेट्रोलचे शंभर काढले.
शिनोळी काय लांब नाही.
परशराम दप्तरात सात मोबाईल घालून गेला.
एक निंगव्वाचा होता, तिनं आपण होऊन दिलेला,
"कुणाला टाकायचं ते तूच बघ गा" म्हणून.
हद्द ओलांडून, चहाच्या टपरीला गाडी टेकवून
त्यानं सातही मतं दिली.
तिथं एका दमात घेतली म्हणे.

बक्षिसाचा रविवार. माग बंद.
पहिल्यांदाच मी त्याचा आवाज ऐकला,
जाड, सर्दी झाल्यासारखा.
नाव पुकारल्यावर त्यानं आमची बोली करून दाखवली
आणि जिथं "गा" पाहिजे तिथं "रं" लावला.
"अय्यो, हे तर कोल्हापूरचं!" मी ओरडले.
वर्षभर आमचे हे ज्याच्यावर चिडले
ते आमचं नव्हतंच.
ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं,
चिडायचं होतं अजून, पण कशावर?
मग त्यानं ती पितळी बाहुली छातीशी धरली
आणि चांद्यापासून बांद्यापर्यंतच्या
रसिकांचे आभार मानले.
"बांदा म्हणजे कुठं?" निंगव्वानं विचारलं.
"आंबोली उतरलं की. दोन-अडीच तास."
"मग जवळच की," म्हणाली,
आणि शेंगा फोडत राहिली.
परशराम आतल्या खोलीत गेला,
सात मोबाईलचे सात चार्जर
कुणाचा कुठला ते लावत बसला.

सोमवारी माग सुरू झाले.
मधुरा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती.
खालनं मोलकरणीनं नुसतं वर बघितलं.
निंगव्वानं काही सांगितलं नसतं
तरी मला कळलं असतं.