आकसाची पट्टी

दहाची नोट नळीखाली सरकवायची
आणि पुढून मागे ओढत न्यायची.
कुठे अडली नाही, तर नळी मोकळी.
टेबलावर रायफल निवांत होती तेव्हा
नोट पार आतपर्यंत गेली.
मग मी पालथी झोपले, पट्टा दंडाला आवळला,
शहनाझला म्हटलं, आता घाल.
नोट अडकली.

तीन महिने मी श्वासाला दोष देत होते.
सर घोड्यावरच्या बोटाला.
आई चहाला.
गोळ्या आपल्या डावीकडे, आठाच्या घरात,
भाड्यानं राहायला आल्यासारख्या.
आणि दस्त्याचं हे काळं पोकळ प्लास्टिक
अंगठ्यानं दाबलं तरी वाकत होतं
श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणासारखं.

अक्रोडाच्या दस्त्याची किंमत विचारली.
दोन पगार, वर सहा महिने वाट.
तेव्हा कुणीतरी अहिरे मिस्त्रींचं नाव घेतलं.

सातपूरला, पपया नर्सरीच्या अलीकडे, पत्र्याची शेड.
फाउंड्री बंद पडून अकरा वर्षं झाली,
बाजीराव अहिरे अजून आठच्या ठोक्याला कुलूप उघडतात.
"बंदूक आणायची नाही हां इथं.
नुसता दस्ता आण,
अन् नळीची मापं, दर दोन इंचाला."

चाळीस वर्षं त्यांनी पंप केले लाकडाचे, झडपा लाकडाच्या.
त्या वाळूत दाबायच्या, अलगद काढून घ्यायच्या
आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
"माझं काम गिऱ्हाइकानं कधी बघितलं नाही.
बघितली ती माझं काम उठून गेलं ती जागा."
रंध्याचं पातं पुसता पुसता म्हणाले,
आणि मग, चहा घेणार का.

भिंतीवर खिळ्याला एक पोलादी पट्टी.
तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्यापेक्षा किंचित मोठा.
"लोखंड निवताना आकसतं.
म्हणून आधीच जरा जास्त द्यायचं."
मी ती माझ्या पट्टीला लावून पाहिली.
शून्यापाशी दोघी गळ्यात गळा,
तिसापर्यंत पोचेतो
तीन मिलिमीटर अंतर पडलेलं.

त्यांनी सागाची खोटी नळी कातली,
खरीपेक्षा एका नोटेनं जाड.
तिला बूट पॉलिश चोपडलं.
दस्त्याच्या पोटातल्या बरगड्यांना आरपार भोकं पाडली.
"या प्लास्टिकला काही चिकटत नाही.
चिकटत नाही त्याला अडकवायचं."
ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या आत, वर रेझिन,
वर खोटी नळी, दोरीनं बांधून.
डिसेंबरची थंडी, रेझिन काही धरेना,
तेव्हा बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवावी
तसा शंभरचा बल्ब खाली लावला.

तिसऱ्या दिवशी नळी सुटली,
टाळूला चिकटलेली जीभ सुटावी तसा आवाज करत.
वजन एकशे ऐंशी ग्रॅमनं वाढलेलं.
बाहेरून काही म्हणजे काही बदललं नव्हतं.
शहनाझ म्हणाली, यासाठी पैसे दिलेस?

खोटी नळी त्यांनी ठेवून घेतली,
पट्टीशेजारी टांगली.
"तुझी बंदूक माझ्याकडं आहे," म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

पट्टा आवळला. नोट घातली.
ती गेली, कुणाला न विचारता गेली,
परत आली तेव्हा तिला बूट पॉलिशचा वास.

जिल्हा स्पर्धेत पहिली गोळी: आठ.
या वेळी उजवीकडे.
मी दस्ता अंगठ्यानं दाबून पाहिला.
जागचा हलला नाही.
सरांकडे पाहिलं, ते दुसऱ्या लेनकडे पाहत होते.
आता सांगायला काही उरलं नव्हतं.
चटईवर कोपर होतं, तिथून उचललं,
बोटभर आत घेतलं
आणि पुढचं काडतूस
खिशात चाचपू लागले.