वाळवणाची खोली

सीटोलरहून निघालो तेव्हा नकाशा कोरडा होता.
एनरडेल दरीच्या टोकाला,
जिथे रस्ता संपून मेंढ्यांच्याच वाटा उरतात,
तिथे ही बुटकी दगडी झोपडी:
मेंढपाळांची होती म्हणे.
आता सोळा खाटा, एक चूल.
फोनला रेंज? विचारूही नका.

चुलीमागे वाळवणाची खोली.
माझ्या माहेरी वाळवण म्हणजे कुरडया, सांडगे,
राखणीला एक पोर आणि काठी.
इथे दोरीवर सोळा जणांचे मोजे,
वाफाळणारे, कुबट, एकमेकांना खेटून,
आणि राखणीला कुणी नाही.

विल्फ, व्हाइटहेवनचा निवृत्त पोस्टमन,
माझ्या डाळीत पाव बुडवत म्हणाला,
"उद्याही आहेच."
पावसाबद्दल असावं.

रात्री वरच्या खाटेवर मी मोजत पडले
पाच तऱ्हांचं घोरणं.
सहावं माझं, हे सकाळी विल्फनं सांगितलं.

सकाळी दोरीवर माझा एकच मोजा.
दुसरा कुणीतरी अंधारात ओढून नेला,
बदल्यात एक राखाडी ठेवून,
टाचेला मासेमारीच्या दोऱ्यानं घातलेले टाके,
नीट, घट्ट.
चढवला पायात. बसला की!

आता खिंडीपलीकडे
कुणीतरी उतरतंय बटरमिअरकडे
माझ्या नणंदेनं विणलेल्या लाल मोज्यात.
तिनं दिला तेव्हा मी म्हटलं होतं,
"कशाला गं, मी कुठे डोंगर चढणार?"