तेंबावरची रात्रपाळी

खात्याच्या कागदावर मी 'राखणदार, हंगामी',
ती 'स्वयंसेवक, परदेशी'.
नाव ग्रेटे, वय एकोणसत्तर.
डेन्मार्कातल्या कुठल्याशा बेटावर
चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं तिनं.
म्हणते, आता पत्रंच कुणी लिहीत नाही,
म्हटलं, बघू दुसरं काय वेळेवर पोचतं.

मोरजीच्या तेंबावर आमची पाळी.
काठी, लाल कागद लावलेली बॅटरी,
थर्मासात बिनदुधाचा चहा,
आणि जाळीच्या कुंपणात कासवांची सात घरटी.
प्रत्येकावर पाटी : तारीख, अंडी किती.
तिसरी पाटी कुत्रा रोज पाडतो,
ती रोज सरळ करते.
दोघांचंही काही अडत नाही.

शॅकवाल्यांना दिवे विझवा सांगायला तीच जाते.
मी गेलो तर भांडण होतं,
ती गेली की खुर्ची देतात.
हे मी एकदा बोलून दाखवलं.
म्हणाली, ठाऊक आहे, म्हणून तर जाते.

सकाळी झोपायचं सोडून
कपेलामागच्या घरात, आन्सेल्मिनाबायकडे.
ब्याऐंशीची म्हातारी, पाय सुजलेले.
ग्रेटे नखं कापते, आठवड्याच्या गोळ्या
खणाखणाच्या डबीत भरते.
एकीची कोंकणी, दुसरीची डॅनिश,
तरी पत्त्यांवरून कडाकडा भांडतात.

मुलगा स्विंडनला. तिथल्या वृद्धाश्रमात
इंग्रज म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो.
व्हिडिओ कॉलवर त्यानं ग्रेटेला विचारलं,
याचे तुला किती मिळतात?
काहीच नाही म्हटल्यावर
तो बराच वेळ बाजूला कुठेतरी बघत राहिला.
मग म्हणाला, आईच्या टाचांना खोबरेल लाव,
थंडीत भेगा पडतात.

मला हे सगळं पटत होतं असं नाही.
एवढा समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या आईची नखं?
एका रात्री विचारलंच, तुला तुझं कुणी नाही?
आहे ना, म्हणाली, एक बहीण.
तिची नखं कापायला
फिलिपिन्सची एक पोरगी येते.
हसलो दोघं.
हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

त्याच रात्री, भरती लागल्यावर, एक वर आली.
वाळूवर स्वतःचं ओझं ओढत, थांबत,
दम खात, पुन्हा ओढत.
मागच्या पायांनी खड्डा खणताना
डोळ्यांतून खारं पाणी.
ते रडणं नव्हे, हे मी दरवर्षी पर्यटकांना सांगतो,
आणि दरवर्षी तोंड दुसरीकडे करतो.

खात्यात कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं.
माझा बाप हीच अंडी टोपलीत भरून
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायचा.
माझ्या शाळेच्या वह्या त्यातून आल्या,
आईच्या बाळंतपणाचं औषध त्यातून.
वाटलं, आता ही उठून जाईल.
तिनं विचारलं, चव कशी असते?
खारट, म्हणालो. आणि पांढरं कितीही उकळा,
शिजत नाही.
तिनं मान हलवली.
वही मांडीवर उघडीच होती,
त्यात काही लिहिलं नाही.

मार्चमध्ये तिचा व्हिसा संपला.
तिसरं घरटं उघडलं त्यानंतर दोन दिवसांनी.
आन्सेल्मिनाबायला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट
चौघांनी उचलून आणलं.
काळोखात बशीएवढी चळवळ,
पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून, लाटेकडे.
एक उलटं वळलं, शॅकच्या दिव्याकडे.
म्हातारी खुर्चीतून ओरडली,
"थंय न्हय रे पिशा, हांगा वच!"
तो दिवा विझवायला या वेळी मीच गेलो.
भांडण झालं. दिवा विझला.

फोन नको, पत्र लिही, म्हणाली होती.
मोरजीच्या पोस्टात डेन्मार्कला तिकीट किती,
बाईंनी पुस्तक काढून शोधलं.
बेटाचं नाव दोनदा खोडून लिहिलं :
एकशे आठातली एक्याण्णव गेली.
पाटी कुत्र्यानं पुन्हा पाडली, मी सरळ केली नाही.
आन्सेल्मिनाबाय तुझ्यावर रागावलीय,
म्हणते चार डाव बाकी आहेत.
नखं मी कापतो. हात थरथरतो,
तिचा नव्हे, माझा.