फुटका र

सोसायटीच्या पावतीवर
वऱ्हाडेकाकांचा र पुन्हा फुटला.
"एवढं बघ रे," म्हणाले, चष्मा पुसत.

भांडुप, रात्रीचा दीड.
शोधाच्या चौकटीत एकच अक्षर टाकतो.
अकरा हजार फायली
कुठल्या कुठल्या देशांतल्या,
दारं सताड उघडी, आत कुणी नाही.
माहितीपुस्तिका म्हणते, पुढे पाहा.
पुढे: हे पान अजून लिहायचंय.

मग एका जुन्या फॉन्टच्या पोटात,
ओळ चारशे बारा,
कुणा शाल्मलीचं टिपण, चौदा वर्षांपूर्वीचं:
"इथे र मोडतो. कळतंय.
बाळ उठलंय, उद्या बघते."

खाली उद्या नाही.

बाळ आता नववीत असेल.
डोंगरावरचे दिवे विझत आलेत.
तिची ओळ पुसत नाही,
खाली अर्धा र लिहितो
आणि चालवून बघतो:

वऱ्हाडे.