साठ विड्या

सकाळी साडेसहाला आम्ही विडी घरकुलात पोचायचो,
बर्फाचा डबा, रंगीत टोपणांच्या नळ्या,
आणि पाहणीतला पहिला प्रश्न:
रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?
बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.
"कुठला उपास लिहिणार, शनिवारचा का रोजचा?"
मी लिहायचो: उपाशी, होय, बारा तास.

क्रमांक चारशे सतरा.
अंबूबाई रामय्या बोद्धुल, वय पंचेचाळीस असेल.
वजन बेचाळीस किलो,
मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं,
तरी रक्तात साखर, रक्तात चरबी,
यकृतावर सायीसारखा थर.
हब्बू मॅडम म्हणायच्या, बाहेरून काडी, आतून लोणी.
आईच्या पोटात कमी पडलं की देह
पुढच्या दुष्काळाची बेगमी करत बसतो.
हे अजून गृहीतक आहे, असंही म्हणायच्या.

गळ्याला गार जेल लावून
मी धमनीची भिंत मोजली.
पडद्यावर दोन राखाडी रेषा, मधलं अंतर
शून्य पूर्णांक सात आठ मिलिमीटर.
माझा बाप चिमटीत सूत धरून सांगायचा,
हे वीस नंबरचं, हे चाळीसचं.
चुकला तर मालक हप्त्यातून कापायचा.
माझ्या चुकीला मात्र
अधिक-उणे अशी मानाची जागा असते.

"एंत वच्चिंदी?"
किती आलं, तिनं विचारलं.
सुई निघाल्या निघाल्या हात सुरू झाले होते,
पान, जर्दा, गुंडाळी, दोरा.
तंबाखू ओढता का? नाही.
दिवसभर तंबाखूत बसता का, हा प्रश्न फॉर्मात नव्हता.
वय, दाब, साखर भरली.
उत्तर आलं: दहा वर्षांत चार टक्के. हिरवा रंग.
शंभरातल्या चौघी, मी समजावलं.
ती म्हणाली, "शंभराला चार तर माझी रोजची छाट.
तेवढी चालते कारखान्यात."

ते गणित कुठल्याशा थंड गावातलं,
जिथं माणसांची रक्तं चाळीस-चाळीस वर्षं टिपून ठेवतात.
आम्ही ते तयार सदऱ्यासारखं
इथल्या अंगावर अल्टर करायला निघालो होतो.

तिसऱ्या वर्षी फोन लागेना म्हणून गेलो.
मे महिना.
दारात तिची मुलगी रजिता, मांडीवर तेच सूप.
मी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला,
माणूस गेल्यावर घरच्यांना विचारायचा.
छातीत दुखलं होतं का?
म्हणाली होती, पित्त आहे.
डाव्या हातात कळ?
हात तर रोजच दुखायचे.
घाम आला होता का?
रजिता माझ्याकडे बघत राहिली.
वर पत्रा तडतडत होता.
माझ्याच गळ्यावरून एक थेंब
फॉर्मवर पडला, "होय"च्या चौकटीशेजारी.

मग न विचारताच तिनं सांगितलं.
नऊशे चाळीस झाल्या होत्या.
भिंतीला टेकली, पाणी दे म्हणाली.
रिक्षा, सिव्हिल, रात्र.
सगळं उरकल्यावर सूप तसंच होतं कोपऱ्यात,
कार्ड आईच्या नावावर, हिशेब हजाराचा.
"साठ मी वळल्या."
घेतल्या कारखान्यात?
"घेतल्या.
छाट निघाली, ती सगळी माझ्या साठांतली."

संगणकात चारशे सतरासमोर मी भरलं:
घटना, एक. तारीख.
हब्बू मॅडमनी चष्मा काढून विचारलं, हिरवी होती ना ही?
हिरवी होती.
नळी शिल्लक आहे?
आहे, जांभळ्या टोपणाची, उणे ऐंशी अंशांवर.
ठेवा, त्या म्हणाल्या,
आज जे मोजता येत नाही ते उद्या येईल कदाचित.

शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायचं म्हणून
मी लिहिलं: ९४०.
आठवड्यानं आकडेवारीवाल्या पोराचा फोन आला,
सर, चारशे सतराला एक आकडा दिसतोय,
त्याचं एकक काय?